लदेणीवालीला मरायला वेळ लागला

आयुष्यात मी एकच खून केला. तेव्हा मी नववीत होते. हत्यार म्हणजे टाक आणि निळी शाई. मेलेली बाई माझी नव्हती, माझ्या मैत्रिणीची होती, आणि सगळ्यात वाईट तेच. स्वतःचं माणूस मारलं असतं तर मला कोणी विचारलंही नसतं.

हे साठ-बासष्टच्या सुमाराचं. आम्ही दिग्रसला राहत होतो. वडील कोर्टात कारकून. आमच्या घरात 'मला-तुला' चालायचं, आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की मी 'मले-तुले'वर यायचे. आई म्हणायची, "हिची जीभ फाटकातच बदलते." आणि मला राग फार लवकर यायचा. अजूनही येतो, पण आता गुडघे दुखतात म्हणून बसल्या जागी येतो.

शाळेचं दरवर्षी एक हस्तलिखित निघायचं. सुवाच्य अक्षरात सकाळचं वर्णन, स्वच्छतेचं महत्त्व, झालंच तर गाईवर निबंध. आम्ही चौघी मैत्रिणींनी मिळून त्यात एक गोष्ट दिली. गुरुजींनी दोन दिवसांनी परत केली. म्हणाले, "यात बोध काय आहे?" बोध नव्हताच. गोष्टीत एक मुलगी कापसासारखी हलकी होऊन सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याच्या छपरावरून उडत होती. त्यात कसला आलाय बोध! मी भर वर्गात कागद ओढून घेतले आणि मधल्या सुट्टीत जाहीर केलं, की आपलं हस्तलिखित आपणच काढायचं. दोनशे पानी जाड वही आणली. वर नाव घातलं नाही. सगळे तिला नुसतं 'वही'च म्हणायला लागले.

कल्पना उसनी होती, ते कबूल करते. वडिलांकडे नागपूरचं वर्तमानपत्र यायचं. त्यात रविवारी एका विलायती माणसाची चित्रांची पट्टी असायची. अंगात अचाट ताकद, आणि सगळं एकट्यानंच करायचा. आम्हाला एकट्याचं काही पटेना. आमच्या चौघींच्या चार ताकदवाल्या होत्या, आणि चौघी एकाच मुलुखात राहत. एकीच्या गोष्टीत उडणारी महागावच्या बाजारावरून गेली, तर पुढच्या आठवड्यात दुसरीच्या गोष्टीतले महागावचे लोक अजून वर बघत असायचे. आता माझा नातू मला समजावून सांगतो, की असल्या वेगवेगळ्या वीरांना एकाच जगात आणणं ही किती नवी गोष्ट आहे. मी हो म्हणते. पोराला कायले दुखवा?

उडणारी ही जिनिंगमधल्या मिस्त्र्याच्या मुलीची. दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या मुलीची होती तापवाली. ती कपाळावर हात ठेवून दुसऱ्याचा ताप काढून घ्यायची आणि मग एक दिवस स्वतः कुडकुडत पडायची. माझी भिंतवाली. तिला कुठल्याही भिंतीपलीकडचं ऐकू यायचं. आणि चौथीची, जिच्याबद्दल हे सगळं लिहिते आहे, तिची लदेणीवाली.

ही चौथी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची होती, तिथल्या नायकाची, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाची मुलगी. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर न्यायचं, याला तिच्या लोकांत लदेणी म्हणत. ते तिच्या आज्याच्या आधीच संपलेलं. आता तांड्यावर कापूस, ज्वारी आणि तूर. पण तिच्या लदेणीवालीची लदेणी चालूच होती. तिनं कुठलंही ओझं डोक्यावर घेतलं की त्याचं वजन नाहीसं व्हायचं. एकदा तिनं वाटेतल्या म्हातारीची मोळी घेतली, तर मोळीबरोबर त्या म्हातारीचं मेलेल्या मुलाचं दुःखही अर्धं उतरलं. म्हातारी घरी गेली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. एवढंच. ना मारामारी, ना राक्षस. मला ते वाचून रडू आलं होतं, आणि रडू आलं याचाच राग आला होता.

नियम मी केले. सगळ्या ताकदवाल्या आपल्याच जिल्ह्यात राहतील. कोणीही कोणाचीही ताकदवाली आपल्या गोष्टीत वापरावी. आणि मेली ती मेली. पुन्हा उठून यायचं नाही. हा शेवटचा नियम मी टेबल आपटून केला होता, कारण त्या चित्रांच्या पट्टीतला खलनायक तीनदा मरून तीनदा आला होता आणि मला ती फसवणूक वाटली होती. दुसरीच्या ताकदवालीला मारायचं की नाही, याचा नियम केला नाही. असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

वही फिरायला लागली. कंपाउंडर ती दवाखान्यात रांगेतल्यांना वाचून दाखवायचे. जिनिंगमध्ये सरकी निवडणाऱ्या बायका दुपारी ऐकायच्या. पुसदच्या मोटारीचा कंडक्टर सकाळी वही घेऊन जायचा आणि संध्याकाळी परत आणून द्यायचा. तो उडणारीच्या बाजूचा. कंपाउंडर लदेणीवालीचे. दोघांचा स्टँडवर एकदा चांगला अर्धा तास वाद झाला: उडणारी आधीच कापसासारखी हलकी, तिला लदेणीवालीनं डोक्यावर घेतलं तर वजन कोणाचं गेलं? मोटार उशिरा सुटली. लोकांनी शिव्या दिल्या आणि मग त्यांनीही आपापलं मत सांगितलं.

माझ्या भिंतवालीबद्दल कोणी भांडत नव्हतं.

मैत्रीण गावात मुलींच्या वसतिगृहात राहायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाजाराला आलेले तिचे वडील तिला बैलबंडीत बसवून तांड्यावर नेत, आणि सोमवारी पहाटे सोडत. वही शनिवारी तिच्याकडे असायची. दिवस मावळायच्या आत सगळा तांडा नायकाच्या अंगणात जमायचा आणि ती वाचायची. मराठी वाचायची आणि तिथल्या तिथे आपल्या बोलीत सांगायची.

तिच्या शाळेचं सगळं या शनिवारांवर टिकून होतं. तांड्यावरच्या दुसऱ्या एकाही मुलीनं चौथीपुढची शाळा पाहिली नव्हती. वडीलधारी माणसं तिच्या बापाला ऐकवायची, "नायका, पोरगी एवढी वाढली, तिले शायेत कायले ठेवतं?" आणि नायक म्हणायचा, "शायेत काय शिकते ते आपल्याले नाही समजत. पण कहाणी आणते, ते तं समजते ना?" मग तीच माणसं अंगणात पुढे सरकून बसायची, कारण पुढचं काय झालं हे त्यांनाही ऐकायचं असायचं. हे मला माहीत होतं. तिनंच सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते. गुरुवारी वही माझ्याकडे आली. माझ्या गोष्टीच्या समासात कोणीतरी पेन्सिलनं लिहिलं होतं, 'भिंतवालीची गोष्ट गाळून वाचली तरी चालते.' खाली दुसऱ्या अक्षरात, 'खरं आहे.'

अंगाचा नुसता भडका उडाला. पेन्सिलवाल्याला शोधायचं सोडून मी टाक उचलला. गोष्टीत नदीवर एक लाकडी पूल बांधला, आमच्या नदीवर तसा खराखुरा नव्हताच. लदेणीवालीला त्यावरून कापसाच्या गठाणी घेऊन चालवलं. भिंतवालीला पूल कडकडताना ऐकू आलं, पण तिला पोचायला उशीर झाला. पूल तुटला. 'लदेणीवाली पाण्यात पडली. तिथे कोणीच नव्हतं. ती मेली.' तीन वाक्यं. सांगते, लिहिताना वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. जेवलेही नीट.

शुक्रवारी वही बंद करून तिच्या हातात दिली. ती कधी आधी वाचायची नाही. सगळ्यांबरोबरच आपल्यालाही कळावं, अशी तिला हौस होती. शनिवारी दुपारी ती वही छातीशी धरून बंडीत बसली. मी शाळेच्या कोपऱ्यावरून पाहिलं आणि हाक मारली नाही.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारी नाही. आठवडा गेला. पुढच्या सोमवारी कंपाउंडरच्या मुलीनं मला नळावर गाठलं. तिचे वडील देवीच्या लसी टोचायला तांड्यावर गेले होते. ती म्हणाली, "त्या दिवशी कोणाच्या घरी चूल नाही पेटली. वाचता वाचता तिचा आवाजच बंद झाला म्हणे. आणि आता ती येत नाही. म्हाताऱ्यांनी नायकाले म्हटलं, कहाणीवाली बाई तं मेली, आता शाळा कायले? कापूस वेचून राह्यली ती. उन्हाळ्यात लग्न करून देतीन." मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "काहून मारलं तिले?"

मी कळशी तशीच उचलली. घरी गेले आणि चुलीपुढे बसून आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, असू दे गं, गोष्टच ती. आईनं भाकरी उलटवली आणि म्हणाली, "तूच मारलंस ना? मग तूच जाऊन सांग."

"काय सांगू?"

"मी मारलं म्हणून सांग. अजून काय सांगशील?"

रविवारी ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बंडीत बसून आई आणि मी निघालो. सगळ्या वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते. माझी मुख्य समजूत अशी, की या भोळ्या लोकांना ही गोष्ट खरीच वाटली असणार. तर आधी ते समजावून सांगायचं: बघा, ही बाई कधी नव्हतीच, आम्हीच रचली. म्हणजे रडायचं कारणच उरणार नाही. मी स्वतःवर खूशसुद्धा झाले होते.

तांड्यात शिरलो तर तोंड उघडायलाच मिळालं नाही. कोणी गेल्यावर माणसं भेटायला आली की तिथल्या बायका त्यांच्या गळ्यात पडून सुरात रडतात. मला ते ठाऊक नव्हतं. मैत्रिणीची आई, तिची याडी, पुढे आली, तिनं माझी मान दोन्ही हातांत धरली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून सूर लावला. तिच्या हातातले चुडे माझ्या पाठीला लागत होते. मग दुसरी, मग तिसरी. लांबच लांब सूर, त्यात लदेणीवालीनं काय काय उचललं ते सगळं येत होतं. मोळी, पोतं, म्हातारीचं दुःख. मला त्यांची बोली येत नव्हती, तरी कळत होतं. त्या मला भेटायला आलेली समजत होत्या, आणि मी तर मारणारी! माझी आईही रडायला लागली. ती कोणासाठी रडली ते तिनं मला कधी सांगितलं नाही.

मैत्रीण दाराशी उभी होती. हातांना बोंडांचे ओरखडे. ती रडत नव्हती.

मी याडीचे हात सोडवले आणि मोठ्यानं म्हटलं, "म्या मारलं तिले. मले तिचा हेवा वाटला म्हणून मारलं." मागच्या बायका माना वर करून बघायला लागल्या. मग मी ते जुळवलेलं वाक्यही घाईघाईत म्हटलं, "पण ते खरं नाही. ती बाई कधी नव्हतीच. कहाणी होती ते."

याडीनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की माझे कान तापले. "आमाले का समजत नाही का, ते कहाणी हाय म्हणून? कहाणी हाय म्हणून रडू नोको का?"

एवढा शहाणपणा मिरवत आले होते, कुठे तोंड लपवू असं झालं.

एक म्हातारी पुढे सरकली. तिचा राग वेगळाच होता. "मारलं तं मारलं. पण एकटी काहून मारलं? पाणी कोनं पाजलं तिले?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "तिथे कोणीच नव्हतं."

"सगळ्या मुलखाचं ओझं वाह्यलं तिनं, आन् मराच्या टायमाले कोणीच नाही?" सगळ्याच बायका एकदम बोलायला लागल्या. नायक बाजेवर बसून ऐकत होता. त्यानं मला विचारलं, "आता तिले उठवता येते का?"

खोटं बोलायचा फार मोह झाला. पण मैत्रीणच म्हणाली, "नाही येत, बापू. मेली ते मेली. नियम हाय." माझाच नियम ती मला वाचवायला नाही, खरं म्हणून सांगत होती.

नायकानं मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "नियम हाय तं हाय. पण येवढ्या ताकदीची बाई, अशी झटक्यात मरन का? तिले मराले वेळ लागन." माझ्याकडे वळून म्हणाला, "पुलावरून पडली आन् मेली, याच्या मधातलं तुनं लिवलं नाही. ते कोण लिवन?"

मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती पहिल्यांदाच हलली. आत गेली आणि वही घेऊन आली.

त्या दुपारी अंगणात बसून आम्ही मधलं लिहायला घेतलं. लदेणीवाली पाण्यातून काठाला लागली. पळसाखाली तिला निजवलं. आता ती उठणार नव्हती, हे ठरलेलं. पण तिला भेटायला माणसं येणार होती. पहिली आली ती मोळीवाली म्हातारी. तिनं काय आणलं, काय बोलली, हे बायका सांगत होत्या, मैत्रीण मराठी करत होती आणि मी लिहीत होते. चार पानं झाली आणि ऊन कललं. "बाकीचं पुढच्या शनिवारी," नायक म्हणाला. एक म्हातारा पुटपुटला, म्हणजे पोरगी पुन्हा शाळेत जाणार का? नायकानं त्याला विचारलं, "मंग मरनाऱ्या बाईले असंच अर्ध्यात सोडतं का?"

सोमवारी ती वर्गात आली. माझ्याशी बोलायला तिनं संक्रांतीपर्यंत वेळ घेतला, आणि तो तिचा हक्कच होता.

लदेणीवाली दोन वर्षांहून जास्त मरत होती. तुम्ही हसाल, आम्हीही हसायचो. उडणारी येऊन गेली, तापवाली तर मुक्कामालाच होती. कळंबच्या गणपतीला निघालेली माणसं वाट वाकडी करून यायची. कंडक्टरनं निरोप पाठवला की माझ्या मोटारीतलं एखादं माणूस तरी भेटायला न्या, म्हणून आम्ही भरलेली मोटारच नेली. तांड्यातला प्रत्येक जण सांगायचा, माझा आजा येईन, माझी मेलेली बहीण येईन, माझा हरवलेला बैल येईन. आलेल्याचं ओझं ती पडल्या पडल्या घ्यायची. आवाज बारीक झाला होता म्हणून भिंतवाली तिच्या उशाशी बसायची. ती काय म्हणते ते तिला एकटीला ऐकू यायचं आणि ती सगळ्यांना सांगायची. माझ्या बाईला असं पहिल्यांदाच काम मिळालं. समासात पेन्सिलीनं कोणी काही लिहिलं नाही.

दहावीत असताना एकदा, अकरावीत दोनदा, म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, की आता पुरे, मरू द्या तिले आणि पोरीचं लग्न करा. दर वेळी नायक गंभीरपणे म्हणायचा, "अजून पुसदच्या घाटातले लोक भेटाले नाही आले." मग घाटातले लोक यायचे. त्यांना यायला तीन-चार शनिवार लागायचे.

मैत्रीण मॅट्रिक पास झाली. तांड्यातली पहिली. मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी यवतमाळला तिची निवड झाली. जायच्या आधीच्या शनिवारी मी तिच्याबरोबर तांड्यावर गेले. शेवटचं पान तिनं एकटीनं लिहिलं होतं, मला दाखवलं नव्हतं. ती वाचत गेली. लदेणीवालीनं पाणी मागितलं. सगळा मुलूख भोवती उभा होता, पण वाटी भिंतवालीनं उचलली आणि तिच्या तोंडाला लावली. इथे तिनं वाचणं थांबवलं, वही माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "पुढचं तू वाच."

पुढे दोनच शब्द होते. माझेच: 'ती मेली.' मी ते वाचले, आणि मला जे रडू फुटलं ते काही केल्या आवरेना. याडीनं माझी मान धरली. या खेपेला मलाही तो सूर थोडाफार लावता आला.

रडणं ओसरल्यावर नायकानं मला बाजेजवळ बोलावलं. त्याच्या मांडीला टेकून त्याची धाकटी मुलगी उभी होती, सहा-सात वर्षांची. तो हळूच म्हणाला, कोणाला ऐकू जाऊ नये असं, "बाई मरून राह्यली होती, तवर माह्या पोरीले शायेतून उठवाची कोणाची छाती नव्हती. मीच रोज देवाले म्हनो, तिले मरू देऊ नोको." मग त्यानं धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. "इचंबी नाव घालतो आता शायेत. पण या खेपेले कोणाले मारू नोको, बाई. माह्यानं पुन्हा एवढं रडनं होत नाही."